चहार्डीचा रफार : संगणकीय छपाईतील मराठी

१/७ चोपडा तालुक्यातील ‘चहार्डी’ हे गाव. संगणक त्यातील शेवटचे अक्षर र, हलन्त, ड, दीर्घ वेलांटी अशा क्रमाने साठवतो. कागदावर मात्र र हा रफार होऊन डोक्यावर चढतो. शेजारच्या ‘शिरपूर’मध्ये श-नंतर साठवलेली वेलांटी श-आधी काढावी लागते. साठवलेला मजकूर एक, त्याचे दृश्य रूप वेगळे.

२/७ हीच फारकत आधुनिक दस्तऐवज-प्रकाशनाचा पाया आहे. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल हे मानक ठरले. त्यातील खुणा मजकूर काय आहे एवढेच सांगतात : प्रकरण, आकृती, तळटीप. तो कसा दिसावा हे एक्सएसएल शैलीपत्रक ठरवते. त्यातील रूपांतराची भाषा, एक्सएसएलटी, १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. संपादक जेम्स क्लार्क.

३/७ तांत्रिक पुस्तकांसाठीची ‘डॉकबुक’ ही खूणपद्धती १९९१ मध्ये सुरू झाली. नॉर्मन वॉल्श यांच्या पुढाकाराने तिची शैलीपत्रके घडली. ती बदलण्याची रीत मार्मिक आहे : मूळ पत्रकाला हात लावायचा नाही, ते आयात करून हवा तेवढाच नियम आपल्या पत्रकात नव्याने लिहायचा. आयात करणाऱ्याचा नियम वरचढ ठरतो.

४/७ शैलीपत्रक शब्दही पुरवते. ‘प्रकरण’, ‘आकृती’ ही लेबले लेखक लिहीत नाही. त्यासाठी डॉकबुकमध्ये भाषावार संचिका आहेत. त्यांत मराठीचीही आहे.

५/७ पण मराठी साच्यात सहज बसत नाही. ‘प्रकरण’ला प्रत्यय लागला की ‘प्रकरणात’ होते; यंत्राने जोडलेल्या ‘प्रकरण ३’ला मात्र ‘मध्ये’ असे सुटे शेपूटच लावावे लागते. सूचीतही तेच : युनिकोडच्या क्रमात ळ हा ल-नंतर येतो आणि क्ष हा क-मध्ये जातो. मराठी वर्णमालेत दोघांची जागा ह-नंतर. वर्गीकरणाचा नियम मराठीचा आहे, हे पत्रकात सांगावेच लागते.

६/७ छापील पानासाठी एक्सएसएल-एफओ हे मानक २००१ मध्ये आले. ‘एफओपी’ या मुक्त प्रक्रियकात देवनागरीसारख्या जटिल लिप्यांची जुळणी मात्र २०१२ च्या १.१ आवृत्तीत आली. मानक आणि रफार यांत अकरा वर्षांचे अंतर पडले.

७/७ शिशाच्या खिळ्यांच्या काळात रफार कुठे बसतो हे जुळारीच्या बोटांना ठाऊक असे. आता ते ज्ञान नियमांत लिहून ठेवावे लागते. मूळ पत्रके परभाषेच्या सवयीने घडलेली. त्यांवरचा आपला थर लिहिणारा कुणी नसेल, तर मजकूर मराठी राहतो, पान मात्र मराठी होत नाही.