एक डाग आणि तीन मिनिटं

शाळेत पेशीची आकृती काढताना ‘गॉल्गी संकुल’ म्हणून चपट्या पिशव्यांची चळत आपण सगळ्यांनीच काढली आहे. पण ती चळत खरोखर अस्तित्वात आहे का, यावर अर्धं शतक वाद चालला होता, हे पुस्तकात नव्हतं.

१८९८ मध्ये इटलीतल्या पाविया इथे कामिल्लो गॉल्गी घुबडाच्या मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षाराने रंगवून पाहत होता. पेशीच्या आत त्याला एक काळी जाळी दिसली. अडचण अशी, की ती कधी दिसायची, कधी नाही. अनेकांनी निकालच दिला: हा पेशीचा भाग नव्हे, रसायनांनी पडलेला डाग आहे. १९२६ मध्ये गॉल्गी गेला, तेव्हाही वाद मिटलेला नव्हता.

१९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती चळत स्पष्ट दाखवली. पण ती करते काय? फोटोत घर दिसतं, घरातली ये-जा दिसत नाही.

ही ये-जा पकडली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या जॉर्ज पलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना त्यांनी फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं, मग लगेच साधं. म्हणजे त्या तीन मिनिटांत तयार झालेल्या प्रथिनांवरच खूण राहिली. मग ठरावीक वेळाने पेशी पाहिल्या. आधी खूण आंतर्द्रव्यजालिकेत होती. काही मिनिटांनी ती गॉल्गीजवळ पोचली. दोन तासांनी बाहेर पडायला सज्ज असलेल्या साठवणीच्या कणांत. हे काम १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्याला डाग म्हटलं होतं, ते वाटेवरचं मोठं स्थानक निघालं. १९७४ मध्ये पलाडेंना नोबेल मिळालं.

रस्ता कळला, पण तो चालवतं कोण? बर्कलीत रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी साधं यीस्ट घेतलं आणि ज्यांच्यात प्रथिनांची वाहतूक तुंबते अशा पेशी शोधल्या. माल आत अडकला की पेशीची घनता वाढते. त्यावरून त्या वेगळ्या काढता आल्या. १९८० मध्ये त्यांनी अशी २३ जनुकं दाखवली. दुसरीकडे जेम्स रॉथमन सस्तन प्राण्यांच्या पेशींतून हीच यंत्रणा सुटी करत होते. त्यांना सापडलेलं एक प्रथिन यीस्टमधल्या प्रथिनाचं भावंडच निघालं. पावात घालतो ते यीस्ट आणि आपण, वाहतुकीची पद्धत एकच! २०१३चं नोबेल या दोघांना थॉमस सुडॉफ यांच्यासोबत मिळालं.

आपल्या शरीरातलं इन्सुलिन याच वाटेने रक्तात येतं. आणि वाट अडली, तर? सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात एका प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पेशी त्याला आंतर्द्रव्यजालिकेतच अडवून नष्ट करते. खरं तर पुढे पोचलं असतं, तर त्याने थोडंफार काम केलं असतं. आज काही औषधं नेमकं तेच करतात: घडी सावरतात आणि त्या प्रथिनाला पुढच्या स्थानकाकडे जाऊ देतात.