मिठाच्या पाण्याची मोजणी

डायलिसिसच्या खाटेवर चार तासांत रुग्णाच्या अंगातले दोन-तीन लिटर पाणी काढले जाते. दंडावरचा पट्टा धोका उशिरा सांगतो. शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सावरून धरते. हृदयातून जाणारे रक्त मात्र तोवर घटलेले असते.

मग ते रक्तच का मोजू नये? स्ट्यूअर्ट या शास्त्रज्ञाने १८९७ सालीच युक्ती काढली होती. रक्तात खारे पाणी सोडायचे आणि पुढे ते किती विरळ झाले ते पाहायचे. प्रवाह मोठा, तितके मीठ विरळ.

१९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळची रोहिणी नीलेला जोडून ‘फिस्टुला’ केला. डायलिसिसची मोठी सोय झाली. पण मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलणाऱ्या हृदयावर कधी कधी लिटरभराचा जादा बोजा पडला. तो कळणार कसा? १९९५ मध्ये क्रिव्हित्स्की यांनी स्ट्यूअर्टचीच वाट धरली. सलाइन मिसळलेल्या रक्तातून श्राव्यातीत ध्वनी किंचित सावकाश जातो. डायलिसिसच्या नळ्यांवर बाहेरून लावलेले संवेदक तो फरक टिपतात. त्यावरून फिस्टुल्यातला प्रवाह समजतो, अन् याच रीतीने हृदयाचाही हिशेब लागतो. त्यासाठी लागते साधे सलाइन! ते खाटेशेजारी टांगलेलेच असते.