हरवण्याआधीचे वाक्य

हुंडी हरवली तर काय करायचे, हे मुंबईच्या सराफ बाजाराने ती हरवण्याआधीच ठरवून ठेवले होते. मूळ हुंडी गहाळ झाली की तिच्याबदली मिळे ती ‘पैठ’. पैठही गेली तर ‘परपैठ’. आधीची हुंडी चुकती झाली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत, असा पैठेचा आशय. हुंडीत रक्कमही नुसती लिहून भागत नसे. तिची निम्मी सांगून ‘त्याचे दुप्पट’ असे पुन्हा लिहीत, म्हणजे आकड्यात फेरफार करणे अवघड. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. ना कुलूप, ना किल्ली. सारी राखण शब्दांची. हरवलेल्या बिलाची दुसरी प्रत मागण्याचा हक्क पुढे 1885 साली पराक्राम्य लेख कायद्यातही आला.

बँकांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. येथे कागद नव्हे, खातेदारच जातो. 1983 च्या दुरुस्तीने बँकिंग कायद्यात नामनिर्देशन आले आणि 1985 साली त्याचे नियम झाले. पण सोय असणे वेगळे आणि ती वापरली जाणे वेगळे. म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की ग्राहक वारस नेमायला नको म्हणाला तर आधी फायदे समजावा; तरीही नको असेल तर तसे लेखी मागा. ‘नको’ हेही विचारपूर्वक म्हणावे लागावे, ही त्यातली खुबी. पासबुकावर ‘नामनिर्देशन नोंदले’ असा शेरा मारण्याची सूचनाही याच विचारातली. दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी 2014 पासून वेगळ्या निधीत जमा होतात, आणि त्या शोधण्यासाठी 2023 साली ‘उद्गम’ पोर्टल काढावे लागले. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ती हीच.

आता खाते फोनमध्ये आहे आणि किल्ली म्हणजे मोबाइल नंबर. देवनार-गोवंडीच्या वस्त्यांत एक फोन घरातले चौघे वापरतात. रिचार्ज राहिला की नंबर बंद पडतो, आणि किमान 90 दिवसांनंतर तो परक्या माणसाच्या हाती जाऊ शकतो. बँकेचा ओटीपी, गॅसचे बुकिंग, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे त्याच नंबरावर. तेव्हा पडद्यावरचे एक वाक्य हीच पैठ ठरते.

ते वाक्य कसे असावे? ‘पुनर्प्राप्ती पर्याय अद्यतनित करा’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण वाचणाऱ्याने नेमके काय करायचे ते त्यात नाही. ‘आजच करा, नाहीतर खाते बंद’ ही तर भामट्यांची भाषा. खऱ्या कंपनीनेही तीच वापरली, तर माणूस खऱ्या-खोट्यातला फरक विसरतो. त्यापेक्षा ‘हा नंबर अजून तुमच्याकडेच आहे ना?’ हा साधा प्रश्न बरा. त्याचे उत्तर प्रत्येकाला येते. व्हॉट्सअ‍ॅपने 2017 साली सहा आकड्यांचा पिन आणला, तेव्हा तो मधूनमधून विचारण्याची पद्धतही ठेवली. विसर पडण्याआधीच आठवण करून द्यायची, हा त्यामागचा विचार.

सराफाला आपला ग्राहक तोंडओळखीने ठाऊक होता, बँकेच्या कारकुनाला सहीने. पडद्याला ओळख नाही. म्हणूनच त्याने कधी विचारायचे आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न निव्वळ तंत्रज्ञांवर सोडण्याजोगा नाही. भाषा जाणणाऱ्यांनीही तो आपला मानला पाहिजे.