रोग्याला कोणी विचारले?

रोग्याला दुखणे खरे सांगावे काय, हा वाद डॉक्टरमंडळींनी फार दिवस आपसांतच चालविला. १९५० साली अमेरिकेत केली आणि फ्रीसेन यांनी कर्करोगाच्या १०० रोग्यांनाच विचारले. ८९ जणांना खरे कळायला हवे होते. तरी १९६१ साली ओकेन यांच्या शिकागोतील पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर न सांगण्याच्या बाजूचे निघाले! १९७९ साली रॉचेस्टरच्या पाहणीत मात्र ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे झाले होते.

टाळेबंदीची नोटीस ऐनवेळी लावणारा मालकही ‘आधी सांगितले तर माणसे घाबरतील’ असेच म्हणतो. त्याच्याशी आम्ही जन्मभर भांडलो. पण आम्हीही त्यातलेच. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या आमच्या एका सोबत्याने विचारले होते, “मुलीचं लग्न यंदाच उरकू का?” “आधी बरा हो, मग बघू,” असे आम्ही म्हणालो.