मूल मध्ये, नवरा बाहेर : झोपण्याच्या जागेचा इतिहास

माझी मुलगी झाली तेव्हा आम्ही मुंब्र्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहत होतो. चाळीस दिवस माहेरी काढून मी परत आले आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने आपली गादी हॉलमध्ये नेली. भांडण झालं नव्हतं. त्याला पहाटेची लोकल गाठायची असे आणि मुलगी रात्रीतून चारदा उठे. पलंग चार फुटांचा. त्यावर मी, मुलगी आणि तिच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या उशा. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं, त्याची झोप व्हायला हवी." माझ्या झोपेचं कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. मुलगी तीन वर्षांची झाली तरी हॉलमधली गादी हॉलमध्येच होती.

मग एके दिवशी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "हे चांगलं लक्षण नाही. नवरा-बायकोने एकत्रच झोपायला हवं, मुलाची खोली पहिल्यापासून वेगळी. नेहमी असंच असतं." त्याच महिन्यात गावी गेले तेव्हा नानीला सहज सांगितलं, तर ती हसली. "अगं, नवरा-बायकोचा वेगळा पलंग मी पहिल्यांदा तुझ्या अम्मीच्या लग्नात पाहिला. पोरं आईजवळ, बाप्ये पडवीत. नेहमी असंच असतं."

दोघींचं 'नेहमी' वेगळं होतं. वाचकहो, मला इतिहासाची ओढ आहे ती अशाच ठिकाणी लागते. जिथे दोन माणसं एकमेकांच्या उलट गोष्टीला 'नेहमी' म्हणतात, तिथे दोघांपैकी एकाचं, किंवा दोघांचंही, 'नेहमी' फार जुनं नसतं.

सुरुवात बाळाच्या भीतीपासून करू. आईच्या अंगाखाली बाळ गुदमरण्याची भीती माणसाइतकीच जुनी असावी. हजरत सुलेमान यांच्या न्यायाची गोष्ट आपल्याला माहीत आहे : दोन बाया, एक बाळ आणि त्यावर दोघींचा दावा. आपल्या हदीसमध्ये दुसरं बाळ लांडग्याने नेलं असं येतं. बायबलमध्ये मात्र ते बाळ झोपेत आईच्या अंगाखाली येऊन मेलं असं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा सोरानस हा ग्रीक वैद्य लिहून गेला की नवजात बाळाला दाईने आपल्या बिछान्यात घेऊ नये, झोपेत तिच्या अंगाखाली ते चेंगरेल. त्याचा पाळणा तिच्या बिछान्याजवळ ठेवावा. अठराशे वर्षांनंतर आजचे बालरोगतज्ज्ञ जवळजवळ हेच सांगतात : खोली एक, बिछाना वेगळा. मध्ययुगीन युरोपात चर्चने अशा मृत्यूसाठी आईबापांना प्रायश्चित्तं ठरवून दिली होती. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दाया बाळावर एक लाकडी कमानीची चौकट ठेवत. पांघरूण आणि दाईचं अंग बाळावर येऊ नये, पण दूध मात्र पाजता यावं, अशी तिची रचना. आणि 1908 साली इंग्लंडने कायदाच केला : दारूच्या नशेत बिछान्यात शिरलेल्या मोठ्या माणसामुळे तीन वर्षांखालचं मूल गुदमरून मेलं, तर तो गुन्हा.

या कायद्यामागे इंग्लंडमधल्या गरिबांची घरं होती. एका खोलीत, एका बिछान्यात सगळं कुटुंब झोपे. 'मुलाची खोली पहिल्यापासून वेगळी' ही रीत एकोणिसाव्या शतकात ज्यांना जास्तीच्या खोल्या आणि मुलं सांभाळायला बाया परवडत होत्या त्यांची होती. पुढे ती मध्यमवर्गात उतरली आणि तिला शास्त्राची भाषा मिळाली : मूल स्वावलंबी होतं, रडू द्यावं, लाड करू नयेत.

आता नवरा-बायकोच्या पलंगाकडे येऊ. माझ्या मैत्रिणीला वाटतं की पश्चिमेत जोडपी कायम एकाच पलंगावर झोपत आली आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जोड-खाटांची लाट आली. शेजारी शेजारी दोन एकेरी पलंग, मध्ये छोटं टेबल. दुसऱ्याचा श्वास आरोग्याला घातक असतो, अशी तेव्हा समजूत होती, म्हणून डॉक्टरांनीही या खाटांची शिफारस केली. पुढे त्यांना आधुनिकतेची प्रतिष्ठा मिळाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या चलनात राहिल्या. जुन्या हॉलिवूडपटांत नवरा-बायको वेगवेगळ्या खाटांवर दिसतात, त्यामागे त्या काळची सेन्सॉरची नियमावलीही होती. म्हणजे 'एक पलंग म्हणजे प्रेम, दोन पलंग म्हणजे दुरावा' हे समीकरण आपण समजतो तितकं जुनं नाही.

आणि नानीचं 'नेहमी'? आपल्याकडच्या जुन्या घराची रचनाच ते सांगते. ओटी-पडवीवर पुरुष, माजघरात बायका आणि त्यांच्या कुशीत मुलं. हिंदू वाड्यात हे होतं, कोकणातल्या आमच्या मुसलमान घरांतही होतं. नव्या नवरीला काही दिवस खोली मिळे. मूल झालं की ती माजघरात सासू-नणंदांच्या रांगेत येई. नवरा-बायकोची भेट व्हायची ती घर झोपल्यावर, चोरपावलांनी. दिवसाउजेडी ती दोघं एकमेकांशी बोलतही नसत, मग एका खोलीत उघडपणे झोपणं दूरच.

हे आपल्या मागासपणाचं लक्षण, असंही समजू नये. 1966 साली विल्यम कॉडिल आणि डेव्हिड प्लाथ यांनी जपानी कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'कोण कुणाजवळ झोपतं?' एवढाच त्याचा प्रश्न होता. खोल्या असूनही जपानी मुलं आईबापाजवळच झोपत. जपानीत याला नदीच्या अक्षरासारखं झोपणं म्हणतात, कारण 'नदी'चं अक्षर तीन उभ्या रेघांचं असतं आणि मधली रेघ मूल. पुढे 1995 साली रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमधल्या उडिया कुटुंबांची अमेरिकन कुटुंबांशी तुलना केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रात्री कोण कुठे झोपतं यातून त्या समाजाची नैतिक क्रमवारी कळते. अमेरिकनांच्या यादीत जोडप्याचा एकांत वर असतो. उडिया घरात लहानग्याला एकटं न टाकणं वर असतं, जोडप्याचा एकांत त्याच्यामागे येतो.

मी मुसलमान असल्याने आपल्या परंपरेत काय आहे हेही शोधलं, आणि तिथे मला अनपेक्षित गोष्टी सापडल्या. कुराणात दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे. सूरह नूरमध्ये तीन वेळा सांगितल्या आहेत : फजरच्या नमाजेआधी, दुपारी कपडे सैल करून आडवं होताना आणि इशाच्या नमाजेनंतर. या तीन वेळांना वयात न आलेल्या मुलांनीही आत येण्याआधी परवानगी घ्यावी. नवरा-बायकोच्या एकांताला इतकी स्पष्ट जागा दिलेली मी लहानपणी कितीदा पठण केली असेन, पण अर्थ कधी कळला नव्हता. अबू दाऊदच्या संग्रहातल्या हदीसमध्ये मुलं दहा वर्षांची झाली की त्यांचे बिछाने वेगळे करा असंही आहे.

पण सर्वांत बोलकी हदीस सहीह मुस्लिममधली आहे. दूध पाजणाऱ्या बायकोशी नवऱ्याने संबंध ठेवला तर दूध बिघडतं आणि मूल अशक्त होतं, अशी समजूत प्राचीन काळी दूरवर होती. सोरानसनेही दाईला संबंध टाळायला सांगितलं आहे. अरबीत या संबंधाला 'गीला' म्हणत. पैगंबर मुहम्मद (स.) म्हणाले की मी याला मनाई करणार होतो, पण रोमन आणि पर्शियन लोक तसं करतात आणि त्यांच्या मुलांना काही अपाय होत नाही हे लक्षात आलं. याच्या उलट सुराची रिवायतही आहे आणि फकीहांनी त्यावर भरपूर खल केला आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते कारण. दुसऱ्या समाजांत काय घडतं ते पाहिलं आणि मनाई केली नाही. आणि इकडे आम्ही 'नेहमी असंच असतं' म्हणून गप्प बसतो.

आता मुंबईकडे. कोकणातून आणि घाटावरून माणसं गिरण्यांत आली तेव्हा पडवी आणि माजघर दोन्ही मिळून एक खोली झाली. 1920च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एक खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्या 160 फुटांत आईबाप, मुलं, गावाहून आलेला दीर, कधी एखादा पोटभाडेकरू. पुरुष गॅलरीत, जिन्यावर, फुटपाथवर झोपत. कुणी रातपाळीला गेलं की तेवढी जागा मोकळी होई. सूरह नूरमधली परवानगी इथे कोणत्या दाराबाहेर उभं राहून मागायची? माझे नाना जहाजावर होते. सुटीत मुंबईला उतरले की गावच्या जमातीच्या खोलीत ट्रंकेशेजारी झोपत आणि नंतर गावी जात. नानी सांगते, "तुझे नाना माझ्या जवळ झोपले त्या रात्री मोजता येतील. पोरं मात्र सहा झाली."

हे वाक्य तिने हसत सांगितलं, पण मला त्यात वेगळं झोपण्याच्या रीतीची दुसरी बाजू दिसली. वेगळं झोपणं हेच कित्येक बायकांचं एकमेव संततिनियमन होतं. आणि ते त्यांच्या हातात नव्हतं. 1921 साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, 1927पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले, तेव्हा त्यांचा झगडा बाईला दुसरा मार्ग मिळावा यासाठीच होता. दुसरीकडे डिसेंबर 1935मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी साधनांऐवजी संयमाचाच आग्रह धरला. त्यांनी स्वतः 1906 साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. त्याआधीच कस्तुरबांपासून बिछाना वेगळा केला होता. आत्मकथेत ते प्रामाणिकपणे लिहितात की बायकोशी सल्लामसलत केली ती व्रत घेण्याच्या वेळी, आणि तिची हरकत नव्हती. मला इथे थांबावंसं वाटतं. हरकत नव्हती हे नोंदलेलं आहे. इच्छा काय होती, ते कुठेच नाही.

पडवी असो, जोड-खाटा असोत, गॅलरी असो की हॉलमधली गादी, वेगळं झोपण्यात मला स्वतःहून वाईट काही दिसत नाही. मुलाच्या भल्यासाठी दोन-तीन वर्षं जोडपं वेगळं झोपलं तर त्यांचा संसार मोडत नाही. तसं असतं तर आपल्या आज्या-पणज्यांचे सगळेच संसार मोडले असते. पण त्यांचे संसार टिकले म्हणजे त्यांच्या रात्री सुखाच्या होत्या, असंही म्हणता येत नाही. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट बदलत नाही. बाहेर जाणाऱ्याची झोप होते आणि आत राहणारी जागी असते. बाहेर जायचं तो ठरवतो किंवा सासू ठरवते. परत कधी यायचं ते कुणीच ठरवत नाही, म्हणून सवय पडते आणि सवयीला आपण रीत म्हणतो.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री इशानंतर मी हॉलमध्ये गेले. नवरा मोबाईल बघत होता. मी म्हटलं, "तीन वर्षं झाली. आपण हे कधी ठरवलं होतं?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलं, तुलाच असं बरं पडतं." मला वाटत होतं, त्याला बरं पडतं. तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या न विचारलेल्या सोयीसाठी वेगळे झोपत होतो.

आता शनिवार-रविवारी रात्री मुलीजवळ तो झोपतो आणि हॉलमधल्या गादीवर मी. पहिल्या शनिवारी मी सलग सात तास झोपले आणि फजरला जाग आली तेव्हा क्षणभर कुठे आहे ते कळेना. उरलेल्या दिवशी आम्ही तिघंही एकाच खोलीत असतो. चार फुटांच्या पलंगावर दोघं आणि खाली गादीवर मुलगी. ती मध्यरात्री कधीतरी उठून वर येतेच. आम्ही सरकून जागा करतो.

नानीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाप पोरीजवळ झोपतो? आमच्यात असं कधी नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाली, "असायला हवं होतं."