कृत्रिम सूर्यप्रकाश आणि गर्भिणी

जंबुपार किरणांचा दिवा आज पाश्चात्त्य देशांत कातडी ताम्रवर्ण करून घेण्याचे साधन म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची प्रतिष्ठा रुग्णालयात वाढली. नील्स फिन्सेन यांस प्रकाशोपचाराबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलाच्या एकाच हातावर पारददीपाचे किरण टाकले; दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. किरणांमुळे शरीरात काही द्रव्य निर्माण होते, हे अनुमान त्यातून निघाले.

याच काळात नाशिक भागात हचिसन व शहा यांनी केलेली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्यात राहणाऱ्या सुस्थित घरांतील स्त्रिया व मुले या रोगाने ग्रस्त होती. निकृष्ट आहारावर जगणाऱ्या, पण उघड्यावर वावरणाऱ्या घरांत तो विरळा. अशा स्त्रियांची कटिरास्थी विकृत होऊन प्रसूती जिवावर बेतत असे. गर्भिणीला प्रकाश हितकर, हा समज निराधार नव्हता, हे येथे मान्य केलेच पाहिजे.

पुढे 'ड' जीवनसत्त्व औषधरूपाने मिळू लागले आणि दिव्याचे वैद्यकीय प्रयोजन बरेचसे सरले. दिवा मात्र सरला नाही. १९७० नंतरच्या दशकात जर्मनीत फ्रीडरिख वोल्फ यांनी त्यास शय्येचे रूप दिले आणि तो सौंदर्यप्रसाधनगृहांत शिरला.

शंकेस आरंभ झाला तो १९७८ मध्ये. दीर्घकाळ किरणोपचार घेणाऱ्यांच्या रक्तात फोलेट कमी असल्याचे ब्रँडा व ईटन यांनी दाखविले. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत फॉलिक आम्लाने गर्भाच्या चेतानलिकेतील व्यंगे टळतात हे सिद्ध झाल्यावर त्या निरीक्षणास निराळाच अर्थ आला. गर्भारपणाच्या आरंभी अशा शय्या वापरलेल्या तीन मातांच्या अपत्यांत ही व्यंगे आढळल्याचे लापुन्सिना यांनी १९९६ मध्ये नोंदविले. तथापि तीन उदाहरणे म्हणजे प्रमाण नव्हे. शिवाय निरोगी स्वयंसेवकांवरील २००१ च्या चाचणीत फोलेट घटल्याचे आढळले नाही. गर्भाविषयीचा आरोप म्हणून अद्याप संशयाच्याच कोटीत ठेवावा लागतो. मातेविषयी तसे म्हणता येत नाही : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही साधने निश्चित कर्कजनकांत घातली, व त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला.

संशय खरा ठरला, तरी एक अडचण उरतेच. चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याची वार्ताही नसते.