सनद मिळाली, आता उलटतपासणी कशी घ्यायची?

मुकुटबनची माझी एक बालमैत्रीण यंदा वकील झाली. पहिल्या पेशीहून परतल्यावर तिने फोन केला. आवाज रडवेला होता. "घटनेची कलमं पाठ आहेत, पण नकलेचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही." तिची समजूत काढण्यासाठी मी तिला काही जुन्या वकिलांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच येथे थोड्या नीट मांडतो. धागा लांब आहे, सावकाश वाचा.

आरंभ घरापासून करू. मुकुटबनहून जवळची मोठी पेठ म्हणजे वणी. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० मध्ये तेथेच झाला. काही काळ अमरावतीस शिक्षकी, मग कायद्याची पदवी आणि १९०८ पासून यवतमाळात वकिली, असा त्यांचा मार्ग. तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात वकील अशिलाशी थेट बोले. पंचनामा, सातबारा, भाऊबंदकीतले वाटणीपत्र हे सारे अशिलाच्या पिशवीतूनच टेबलावर येई. त्या पिशवीतले कामाचे कागद कोणते, हे ओळखणे हाच नव्या वकिलाचा पहिला धडा.

मुंबईची रीत निराळी होती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला अशील परस्पर गाठता येत नसे. काम सॉलिसिटरकडून येई. म्हणजे विलायतेहून कितीही मोठी पदवी आणली, तरी सॉलिसिटरने कागद धाडल्याशिवाय बॅरिस्टरपुढे काम नाही. ही व्यवस्था ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

१८९१ च्या जूनमध्ये मोहनदास गांधी लंडनला बॅरिस्टर झाले. त्या अभ्यासक्रमात परीक्षा होत्या, तसेच ठरावीक भोजनांना हजर राहणेही सक्तीचे होते. तीन वर्षांत बारा सत्रे भरायची आणि प्रत्येक सत्रात ठरलेल्या मेजवान्यांना बसायचे. पदरी सनद पडली, पण दावा कसा लिहायचा हे ठाऊक नव्हते आणि हिंदू व मुसलमानी कायद्याचे एक पानही वाचलेले नव्हते. धास्तावून ते फ्रेडरिक पिंकट या वृद्ध गृहस्थांकडे सल्ल्यास गेले. पिंकट यांनी १८५७ चा इतिहास वाचायला सांगितला आणि सोबत चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या शास्त्रावरची पुस्तकेही सुचवली! गांधींनी त्यांतले एक विकतही घेतले. उपयोग अर्थातच शून्य.

मुंबईत आल्यावर ते रोज उच्च न्यायालयात जाऊन बसू लागले. खटल्याचा धागा सुटला की डुलकी लागे. आसपासचे इतरही पेंगत असल्याचे पाहून त्यांची लाज कमी झाली, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. अखेर लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या बाईंचे काम मिळाले. फी ३० रुपये. ते प्रतिवादीच्या बाजूने होते, म्हणून वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि काम पटेल नावाच्या वकिलाकडे सोपवायला सांगितले. पटेलांनी त्याचे ५१ रुपये घेतले. गांधींनी मग ७५ रुपये पगाराच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, बी.ए. नाही म्हणून तोही नाकारला गेला.

ही गोष्ट बहुतेक येथेच थांबवली जाते. माझ्या मते खरा भाग पुढचा आहे. राजकोटला जाऊन त्यांनी अर्ज नि निवेदने लिहिण्याचे काम धरले, त्यातून सरासरी महिना ३०० रुपये मिळू लागले. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा व्यापारी देण्याघेण्याचा, आणि गांधींना जमाखर्च मुळीच कळत नव्हता. त्यांनी हिशेबनिशीचे पुस्तक आणून वाचले, गुजराती पत्रव्यवहार भाषांतरित केला, दोन्ही बाजूंचे कागद मुळापासून तपासले. खटल्यातील वस्तुस्थिती नीट हाती आली की कायदा आपोआप आपल्या बाजूस येतो, हे त्यांना तेथे उमगले. ज्येष्ठ वकिलाच्या दालनात ज्युनिअर जे शिकतो ते आपण तेथे शिकलो, असे ते म्हणतात.

आता प्रश्न असा, की ज्याला ते दालन उघडणारच नाही त्याने काय करावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या मित्राने हात दिला. कोलंबिया आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या असलेला हा माणूस. पण काम देणारा सॉलिसिटर सवर्ण, आणि अस्पृश्य बॅरिस्टरशी व्यवहार ठेवण्यास तो राजी नसे. वर सांगितलेल्या व्यवस्थेचा काटा येथे रुततो. तेथे बुद्धीपेक्षा ओळखीला आणि ओळखीपेक्षा जातीला भाव होता. चरितार्थासाठी १९२५ पासून बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत गरीब माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे, जवळकर आदींवर चाललेल्या पुण्याच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी बचाव केला आणि तो जिंकला. हे काम ब्राह्मणेतर पुढाऱ्यांकडून आले होते, म्हणजे ओळखीतूनच. फक्त ही ओळख चळवळीने मिळवून दिलेली होती.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा घालून दिली. १९७३ च्या दुरुस्तीने ती तरतूद गळली. बार कौन्सिलने १९९५ मध्ये नियम करून वर्षभराची उमेदवारी पुन्हा आणली, पण कौन्सिलला तसा अधिकारच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द ठरवले. त्यानंतर २०१० मध्ये अखिल भारतीय परीक्षा ठरली. तिच्यात पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. उलटतपासणीत पर्याय कोण देणार?

ज्युनिअरला महिनेन् महिने दमडी न देणारी दालने आजही आहेत, आणि ज्यांच्या घरात कुणी वकील नाही त्यांनाच ती अधिक महाग पडतात.

मैत्रिणीला गांधींची डुलकी फार आवडली. दुसऱ्या दिवशी तिने कोर्टातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला चहा पाजला. नकलेच्या अर्जाचे टेबल त्यांनी दाखवलेच, शिवाय रोजनामा कसा वाचायचा हेही समजावले. पुढची पेशी सोमवारी आहे.